कोपराखाली चार बोटं

हरेश्वर राऊत पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून लागला, ते अठ्ठ्याहत्तर साल. जुलै संपत आला होता. होड्या अजून किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या होत्या. नारळी पौर्णिमेला दर्या उघडायचा, त्याआधी कारखाना तयार ठेवायचा, एवढंच त्याच्याकडे काम होतं. लागल्यावर दोन-चार दिवसांनी एका सकाळी तो पापडीहून सायकलवर निघाला, तो डझनभर बल्ब आणि ग्रीसचा डबा घेऊन. रस्ता खाचखळग्यांचा. बल्ब फुटू नयेत, याखेरीज डोक्यात दुसरा विचार नव्हता.

कारखाना तसा लहानच. एका बाजूला कंप्रेसरची खोली, तिथे रुडॉल्फ नावाचा ऑपरेटर बसे. दुसऱ्या बाजूला टाकीचा हॉल. लांबलचक, बिनखिडक्यांचा. जमिनीत मिठाच्या पाण्याची टाकी, तिच्यात ओळीने बुडवलेले दोनशे लोखंडी डबे, आणि त्यांच्यावर लाकडी झाकणं. माणसं त्या झाकणांवरूनच चालत. डब्यातलं गोडं पाणी गोठलं की बर्फाची लादी तयार. पायाखाली सतत काहीतरी घुमत असायचं. नाकात अमोनियाची सुईसारखी बारीक टोच. भर दुपारी उन्हातून आत पाऊल टाकलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि अंगावर काटा आला तर तो थंडीने आला की आणखी कशाने, हे कळायचं नाही.

होड्या बंद असल्या तरी बाजारापुरता थोडा बर्फ रोज निघायचा. हॉलच्या कोपऱ्यात एक जड लाकडी मेज होतं. लादी घसरत त्याच्यावर यायची. लुईझा नावाची उंचीपुरी बाई टोच्याने ती फोडायची आणि तुकडे हाताने शेजारच्या क्रशरच्या तोंडात लोटायची. मेज बसकं होतं. दुपारी जेवायला बसताना ती कंबरेला हात लावून, भिंतीला धरून बसते, हे हरेश्वरने आल्या दिवशीच पाहिलं होतं. बघू नंतर, असं म्हणून तो पुढे गेला होता.

त्या सकाळी त्याने बल्ब बदलले, उजेड केला, आणि पाहतो तर मेजाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

टाकीवरचा जुना माणूस सेबेस्टियन दाराशी उभा होता. साठीचा, वाळलेला, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "आमी नाय केला, मिस्त्री." आणि झाकणं पुसायला लागला.

लुईझा आली. मेजाकडे तिने पाहिलं, पण काही विचारलं नाही. नुसता कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला आणि कामाला लागली. हरेश्वर बघत राहिला. बाईची पाठ सरळ होती. टोचा खांद्यातून पडत होता, कंबरेतून नाही. दुपारी ती जेवायला बसली ती भिंत न धरता.

हरेश्वर मापाचा माणूस. खिशात कायम टेप. त्याने लुईझाला उभं केलं आणि मोजलं. मेजाची कड तिच्या कोपराच्या खाली बरोबर चार बोटांवर येत होती.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा विटा नव्हत्या. त्या भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या, आणि मेज पुन्हा बसकं झालं होतं. तो चिडला. कोणीतरी आपली गंमत करतंय, असं त्याला वाटलं. विटा परत लावायला तो वाकतो आहे, तोच दारातून एक ठेंगणी बाई आत आली.

"मी नर्मदा," ती म्हणाली. "लुईझाबाय तापाने पडलीय. पहाटे तिने निरोप धाडला, आज तू जा म्हणून."

हरेश्वर उठला. त्याने तिला मेजाशी उभं केलं. कोपराखाली चार बोटं. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

हॉलला आदल्या संध्याकाळी सातला कुलूप लागलं होतं आणि किल्ली रात्रभर त्याच्याच उशाशी होती. लुईझाला ताप भरला तो मध्यरात्रीनंतर.

त्याने टेप खिशात घातला. तो दिवसभर पुन्हा बाहेर काढला नाही.

* * *

मग मिठाची पोती आली. टाकीच्या पाण्यात घालायला चाळीस पोती, प्रत्येकी साठ किलोची. मालक व्हिन्सेंटशेठ दाराच्या उंबऱ्यावरूनच म्हणाले, "तिथे, मागच्या दाराला लावा. ते दार कोण वापरतं?" शेठ कधी आत येत नसत. हरेश्वरला वाटलं, थंडी सोसत नसेल.

पोती मागच्या दाराला लागली. सकाळी हॉल उघडला तर ती बाजूच्या भिंतीशी. दाराला एकही नाही. वजन उचलणाऱ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढ्याच उंचीची रास, वर एकही चढवलेलं नाही.

साठ किलोची चाळीस पोती म्हणजे काही विटा नव्हेत. गंमत करायला सहा माणसं लागली असती. हरेश्वरने ती परत लावून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा तासभर आधी आला.

फटफटत होतं. समुद्राकडून ओला वारा येत होता. कुठेतरी कोंबडा आरवला. कंप्रेसर त्या दिवशी दुरुस्तीला बंद होता, त्यामुळे नेहमी घुमणारं सारं आवार मुकं होतं. हरेश्वरने कुलपाला किल्ली लावली आणि त्याचा हात तसाच थांबला.

आत काहीतरी सरकत होतं. तागाचं जड कापड लाकडावरून ओढावं तसं. मग थांबलं. मग एक खोल श्वास. आणि एका माणसाचा आवाज, सावकाश, घाई नसलेला...

"एकवीस..."

पुन्हा सरकणं. पुन्हा श्वास.

"बावीस..."

हरेश्वरने दार ढकललं. हात लांब करून बटण दाबलं. हॉल रिकामा होता. बावीस पोती भिंतीशी आणि अठरा अजून मागच्या दाराशी. मधे फक्त ओली, गार झाकणं.

आणि त्या अठरा पोत्यांच्या वर, उभ्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, वाफेचा एक लहानसा पुंजका तरंगत होता. थंडीत कोणी नुकताच श्वास सोडावा तसा. हरेश्वरने स्वतःचं तोंड घट्ट मिटलं. तो पुंजका हळूहळू विरला... आणि तिथेच, त्याच जागी, दुसरा उमटला.

त्याला ओरडावंसं वाटलं नाही. पळावंसंही वाटलं नाही. लहानपणी बापाबरोबर पहिल्यांदा मोठ्या देवळात गेला होता, तेव्हा गाभाऱ्याच्या दाराशी जसे पाय जड झाले होते, तसे झाले. तो पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

आतून आवाज आला, "तेवीस..."

* * *

बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या रिकाम्या वलांड्यांशी सेबेस्टियन विडी ओढत बसला होता. हरेश्वरचा चेहरा पाहून तो म्हणाला, "बसा, मिस्त्री. ऐकलात ना?"

"कोण आहे तो, काका?"

"पांडूदादा. टाकीवर वीस वरसं होता माझ्याबरोबर." सेबेस्टियनने विडी विझवली. "कोनी नवा मानूस आला का पांडूदादा त्याच्यासमोर उभा राहायचा, त्याच्या कोपराला खालून बोटं लावायचा. मंग मेजाखाली विटा, नाय तर पायाखाली फळी. म्हनायचा, कामाने मानसाच्या मापात यावा, मानसाने कामाच्या मापात नाय. लोक हसायचे. मी पन हसायचो."

"आणि?"

"एकाहत्तर साली गॅसचा पाइप फुटला. पुढच्या दाराने त्याने सहा जनांना ढकलला बाहेर. त्यातला एक मी. मंग पुढची वाट बंद झाली. मागच्या दाराला मिठाची पोती होती..." म्हाताऱ्याने विझलेली विडी वाळूत खुपसली. "दुसऱ्या दिवशी आत गेलो तवा तीन पोती बाजूला केलेली. चौथ्यावर हात ठेवून बसलेला."

"शेठना ठाऊक आहे?"

"तवा शेठचा बाप मालक होता. पन लेकाला सगळा ठाऊक. म्हनून तर तो उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाय."

हरेश्वरने पोती होती तिथेच, बाजूच्या भिंतीशी राहू दिली. हंगाम सुरू नव्हता, त्यामुळे कोणाला अडचण नव्हती. शेठना त्याने एकदा सांगून पाहिलं, की मिठाला बाहेर शेड बांधू. शेठ म्हणाले, "पाऊस जाऊ दे, मग बघू." हरेश्वरही गप्प बसला. नवी नोकरी होती. आणि भुताने पोती हलवली म्हणून शेड बांधा, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

* * *

नारळी पौर्णिमा झाली. पाद्रींनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, हिंदू कोळ्यांनी नारळ सोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंदरात एकच गडबड उडाली. तीस होड्यांना बर्फ हवा होता. भरती दोनला. लाद्या सरळ घसरवत न्यायला ती बाजूची भिंत मोकळी हवी होती आणि तिथे मिठाची पोती.

शेठ उंबऱ्यावर उभे होते. "राऊत, आजचा दिवस. पोती दाराला लावा. उद्या हवं ते करा."

सगळे हरेश्वरकडे पाहत होते. सेबेस्टियन, लुईझा, मदतीला आलेली नर्मदा, लाद्या ओढणारे सहा गडी. कोणी काही बोललं नाही. बोलायची तिथे रीतच नव्हती. हरेश्वरने एकदा मागच्या दाराकडे पाहिलं.

"लावा," तो म्हणाला. आणि जणू त्याचा दोष दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून शेवटचं पोतं त्याने स्वतः उचलून ठेवलं.

साडेबाराच्या सुमारास, पुढच्या दाराच्या वरून जाणाऱ्या गॅसच्या पाइपातून, जाड कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला. वळून पाहतात तो दार नव्हतंच. पांढरं धुकं होतं, आणि ते घोंघावत आत येत होतं. पुढच्याच क्षणी वास आदळला. डोळ्यांत निखारे ओतल्यासारखं झालं. छाती आवळली. पलीकडे रुडॉल्फने कंप्रेसर बंद करून मेन स्विच ओढला असावा, कारण सगळे बल्ब एकदम विझले. बाहेर लख्ख दुपार होती आणि आत विहिरीच्या तळाचा काळोख.

"खाली! खाली बसा!" हरेश्वर ओरडला. "गॅस वर चढतो... फडकी भिजवा, तोंडाला लावा!"

लाद्या सुट्या करायचा गोड्या पाण्याचा हौद जवळच होता. चाचपडत त्यांनी पदर, गमछे भिजवले. मग तो पुढे आणि बाकीचे एकमेकांचे घोटे धरून मागे, असे ते झाकणांवरून रांगत मागच्या दाराकडे निघाले. दुसरी वाटच नव्हती.

आणि रांगता रांगता हरेश्वरला ठाऊक होतं की आपण या माणसांना भिंतीकडे नेतो आहोत. चाळीस पोती. आपल्याच हाताने. पांडूला एकट्याला तीन हलली होती... मागून नर्मदाचं खोकणं ऐकू येत होतं. लुईझा कसलीशी प्रार्थना पुटपुटत होती, ती मधेच तुटत होती.

तेवढ्यात पुढून, धुक्याच्या पोटातून, सरकण्याचा आवाज आला. तागाचं जड कापड, लाकडावरून. खोल श्वास. इथे एक घोट हवा घेता येत नव्हती, आणि तो माणूस छाती भरून श्वास घेत होता.

"अडतीस..."

हरेश्वर थांबला. मागचे त्याच्यावर आदळले.

"एकोणचाळीस..."

कोणीतरी त्याचं कोपर धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही. माप घ्यावं तसं, खालून, चार बोटं अलगद टेकवली. ती बोटं बर्फासारखी गार असतील असं त्याला वाटलं होतं. ती गरम होती, राबत्या माणसाच्या हातासारखी.

"चाळीस."

कडी वाजली. दार उघडलं आणि दुपारचं ऊन भाल्यासारखं आत घुसलं.

दहाही माणसं बाहेर वाळूत येऊन पडली. रुडॉल्फने आणि होड्यांवरच्या लोकांनी घागरींनी पाणी आणून त्यांचे डोळे धुतले, पुन्हा पुन्हा, अर्धा तास. नर्मदा दोन दिवस दवाखान्यात होती. सगळे जगले.

शेठ मागच्या बाजूला धावत आले होते, ते तिथेच उभे राहिले. "दार आतून उघडलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी बघत होतो. दार उघडलं तेव्हा तुम्ही कोणी दाराशी नव्हता. पाच-सहा हात मागे होता... रांगत."

संध्याकाळी गॅस विरल्यावर बाकीचे सगळे हॉलमध्ये गेले. पोती बाजूच्या भिंतीशी होती, कमरेइतकी रास. एकही फाटलेलं नव्हतं. शेठनी चपला काढल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. कितीतरी वेळ ते त्या मोकळ्या दारापाशी उभे राहिले. मग त्यांनी एका पोत्याला हात घातला, आपल्या घराच्या पडवीत न्यायला.

"शेठ," सेबेस्टियन हळूच म्हणाला, "गुडघ्यातून उठा. कंबर मोडेल."

शेठ गुडघ्यात वाकले.

* * *

त्यानंतर कारखाना बदलला. पावसातच शेड उभी राहिली. मागच्या दाराला लाल रंग लागला आणि त्याच्यासमोर टोपलीसुद्धा ठेवायची नाही असं ठरलं. तोंडाला लावायचे मुखवटे आले. दर शनिवारी डोळ्यांना फडकं बांधून, रांगत, प्रत्येकाने आपापल्या जागेवरून दार गाठायचं. सुरुवातीला हसू यायचं, मग कोणी हसेना. हरेश्वरने हॉलच्या मधोमध होडीवरची एक घंटा टांगली. "काही चुकतंय असं वाटलं तर वाजवा," त्याने सगळ्यांना सांगितलं. "मला विचारू नका, शेठना विचारू नका. घंटा झाली की काम थांबणार. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. कोणी बोललं नाही." पहिली घंटा वाजवायला नर्मदाला तीन आठवडे लागले. एक झाकण कुजलं होतं. काम थांबलं, झाकण बदललं, आणि तिला कोणी एक शब्द बोललं नाही.

मेजाला हरेश्वरने आट्यांचे पाय बसवले. कोण कामाला आहे ते पाहून रोज सकाळी तो स्वतः ते वरखाली करी.

आणि हॉलमध्ये काही हलेनासं झालं. सकाळी कुलूप काढावं तर सगळं रात्री ठेवलं तसंच. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं. मग लुईझा एकदा म्हणाली, "गेला वाटतं," आणि सगळ्यांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. मृतांच्या दिवशी ती मागच्या दाराशी मेणबत्ती लावायची. नर्मदा सर्वपित्रीला पान ठेवायची.

दोन वर्षं अशी गेली. ऐंशीच्या ऑक्टोबरात एका सकाळी हरेश्वरने हॉल उघडला. मेजाच्या वरच्या खिळ्याला लादी ओढायचा एक नवा आकडा टांगलेला होता. मुठीवर काथ्याची दोरी घट्ट, सुरेख गुंडाळलेली. अंगठ्यासाठी खाच. त्याने तो हातात घेतला. मूठ बसेना. फिरवून पाहिला. मग त्याने डाव्या हातात धरला आणि तो अगदी चपखल बसला.

कारखान्यात डावखुरं कोणी नव्हतं.

"काका," त्याने विचारलं, "पांडूदादा डावखुरा होता?"

"नाय. उजवा."

एकेकाची नजर खाली गेली, आपापल्या उजव्या हातावर. लुईझाने हात पदरात लपवला. तिच्या तापाची खबर कारखान्यात येण्याआधीच विटा काढल्या गेल्या होत्या, हे सगळ्यांच्याच मनात होतं.

हरेश्वरने घंटा वाजवली. बंदरात होड्या थांबल्या होत्या, त्या थांबू दिल्या. "उजवा हात कुठे कुठे जातो, ते प्रत्येकाने सांगा," तो म्हणाला. एकेकाने सांगितलं. लुईझाने नुसतं बोट दाखवलं. क्रशरचं उघडं तोंड. इतकी वर्षं ती त्याच्यात हाताने तुकडे लोटत आली होती.

संध्याकाळपर्यंत त्या तोंडावर हाताहून लांब, उतरता पत्र्याचा नळा बसला. कोणाचाही हात दात्यांपर्यंत पोहोचणार नाही असा. हरेश्वरने स्वतः तीनदा हात घालून खात्री केली. मग कुलूप लावून तो घरी गेला. सकाळी आकडा नाहीसा झालेला असेल, असं त्याला वाटत होतं.

आकडा तिथेच होता. म्हणजे अजून कुठेतरी काही सुटलेलं असणार, असं त्याने धरलं.

त्या कारखान्यात त्यानंतर कोणाचा हात गेला नाही. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी सगळे मिळून हॉल फिरून पाहू लागले, काही सुटलं तर नाही ना, म्हणून. तो आकडा मात्र कोणी काढला नाही, आणि वापरायची तर कोणाची छातीच झाली नाही. तो खिळ्यावर टांगलेलाच असतो. फक्त दर हंगाम संपला की हरेश्वर तो खाली घेऊन पुसतो, आणि पुसताना त्याच्या लक्षात येतं की अंगठ्याची खाच थोडी आणखी खोल झाली आहे. रोजच्या वापरातल्या मुठीची व्हावी तशी.